प्रमाणपत्रं भरपूर, उमेदवारी कुठे?

तुळशीचं लग्न लागलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात दोन तऱ्हेचे फलक वाढतात. एक मंगल कार्यालयांचे, दुसरे 'प्रोफेशनल मेकअप आर्टिस्ट' घडवून देणाऱ्या क्लासांचे. एका दिवसाचा सेमिनार, आठवड्याचा 'ब्रायडल मास्टरक्लास', तीन महिन्यांचा डिप्लोमा, वर्षभराचा 'इंटरनॅशनल' कोर्स असं सगळं मिळतं. फी काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते. बारावीनंतर पुढे काय करायचं हे न ठरलेल्या मुली तिथे येतात. मुलं शाळेत गेल्यावर हाताशी वेळ आलेल्या बायका येतात, थ्रेडिंग-फेशियलच्या पलीकडे जायचं असलेल्या पार्लरवाल्या येतात आणि आता मुलगेही येऊ लागले आहेत. शेवटच्या दिवशी गाऊन, टोपी, फुलांची कमान आणि हातात लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. खरी परीक्षा त्यानंतर पहिल्या अनोळखी नवरीसमोर उभं राहिल्यावर होते.

आपल्याकडे हा व्यवसाय करायला कोणताही परवाना लागत नाही. दुकान थाटलंत तर 'शॉप अ‍ॅक्ट'ची नोंद लागेल. ब्रश हातात धरण्याआधी अमुक तास शिकलेलं असावं, असा नियम मात्र नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत पैसे घेऊन मेकअप करायचा तर ठरावीक तासांचं शिक्षण घेऊन परवाना काढावा लागतो. लग्न होऊन तिकडे गेलेल्या आणि इथल्या अनुभवावर काम मिळेल असं समजून चाललेल्या मुलींना हे बहुधा तिथे पोहोचल्यावर कळतं. इथे परवाना नसल्यामुळे दार सगळ्यांना उघडं आहे, ही चांगलीच गोष्ट. पण मग शिकवणाऱ्यालाही कोणी विचारणारा उरत नाही. क्लास बरा की वाईट हे ज्यानं ठरवायचं त्या विद्यार्थ्याला त्या विषयातलं अजून काहीच ठाऊक नसतं.

या लेखात मांडायचं म्हणणं थोडक्यात असं: या कामात हात तयार होतो तो जाणत्या माणसाच्या नजरेखाली केलेल्या वेगवेगळ्या चेहऱ्यांवर. जुन्या पद्धतीत ती नजर होती, पण दार बंद होतं. नव्या पद्धतीनं दार उघडलं आणि नजर हरवली.

जुन्या पद्धतीची मुळं रंगभूमीत आहेत. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगवलं, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षं नाटक मंडळ्यांच्या पेटाऱ्यात सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ असाच माल असे. उजेड दिव्यांचा, प्रेक्षक लांब बसलेला, स्त्रीभूमिका करणारे पुरुष. त्यामुळे चेहरा दुरून ओळखू यावा, एवढीच रंगाकडून अपेक्षा होती. कोकणातल्या दशावतारात आजही नट स्वतःचं तोंड स्वतःच रंगवतो. आरसा आणि रंगाच्या वाट्या समोर घेऊन बसलेला संकासुर करणारा नट हे काम आधीच्या नटाकडे बघून शिकलेला असतो आणि त्याच्याकडे बघत कोणी पोर तिथेच बसलेलं असतं.

सिनेमा आला आणि रंगांचं गणित बदललं. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम साळुंके या पुरुष नटानं केलं. त्या काळातली फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल ओठ पडद्यावर काळेकुट्ट दिसत. पुढे सगळे रंग टिपणारी कृष्णधवल फिल्म आली, मग रंगीत आली. हॉलिवूडमध्ये मॅक्स फॅक्टरनं १९३०च्या दशकाच्या अखेरीस रंगीत सिनेमासाठी 'पॅनकेक' काढला आणि तो शब्द आपल्या मेकअप रूममध्ये असा रुळला की आजही जुने लोक कुठल्याही फाउंडेशनला पॅनकेकच म्हणतात. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि स्टुडिओच्या दिव्यांसाठी वेगळा हात लागू लागला. मग हाय डेफिनिशन कॅमेरे आले. पूर्वी खपून जाणारा जाड थर त्यांत भिंतीच्या पोपड्यासारखा दिसू लागला. यंत्र बदललं की मेकअपवाल्याला पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं, हे या धंद्यात दर पिढीला घडलेलं आहे. एकदा कोर्स केला आणि झालं, असं इथे कधीच नव्हतं.

सेटवर या माणसाला 'मेकअपदादा' म्हणतात. त्या नावातला मान पंढरीदादा जुकर यांच्यासारख्यांनी कमावला. फेब्रुवारी २०२० मध्ये ते गेले, तेव्हा हिंदी सिनेमातल्या कित्येक पिढ्यांचे चेहरे त्यांच्या हाताखालून गेलेले होते आणि पुढे नावारूपाला आलेल्या अनेक रंगभूषाकारांनी त्यांच्याकडेच धडे घेतले होते. मराठी नाटकात कृष्णा बोरकर, पुण्यात प्रभाकर भावे ही अशीच नावं. यांच्या पिढीला शिकवायला शाळा नव्हती. उमेदवारी होती. पोरगा आधी स्पंज धुवायचा, पेन्सिलींना टोक काढायचा, क्रेपचे केस विंचरून दाढीमिशांसाठी तयार ठेवायचा, टोप स्टँडवर चढवायचा. मग गर्दीतल्या लोकांची तोंडं रंगवायला मिळायची, मग चार वाक्यं असलेल्या पात्राची. नायकाच्या चेहऱ्याला हात लावायला काही वर्षं जायची.

या पद्धतीचं आज उगाच कौतुक करण्यात अर्थ नाही. समजावून सांगणं हा प्रकार फारसा नसे. 'बघ आणि शीक' एवढाच अभ्यासक्रम, आणि खास मिश्रण करताना उस्ताद पाठ फिरवायचा. पण तिच्यात एक गोष्ट आपोआप साधली जायची. गर्दीतल्या माणसांत म्हातारा असायचा, देवीचे व्रण असलेला असायचा, काळा, गोरा, सुरकुतलेला, घामेजलेला, सगळे असायचे. शिकाऊ पोराच्या हातून चेहऱ्यांचं आख्खं गाव जायचं. आजच्या वर्गात विद्यार्थिनी एकमेकींवर सराव करतात. सगळ्या विशीतल्या, बहुतेक तुकतुकीत कातडीच्या. त्यातून बाहेर पडलेली मुलगी नवरीचं काम नीट करते आणि नवरीची आई खुर्चीत बसली की अडते. पन्नाशीच्या त्वचेवर पावडर सुरकुत्यांत जाऊन बसते आणि चमकणारी आयशॅडो पापणीची प्रत्येक घडी उठून दाखवते, हे तिला कोणी दाखवलेलंच नसतं.

जुन्या पद्धतीचा मोठा दोष मात्र वेगळाच होता. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत दीर्घकाळ मेकअप हे पुरुषांचं काम आणि केशरचना हे बायकांचं, अशी वाटणी होती. ही नुसती रीत नव्हती. मेकअप आर्टिस्ट आणि हेअर ड्रेसर यांच्या संघटनेत बाईला मेकअप आर्टिस्ट म्हणून कार्डच मिळत नसे. कार्ड नाही म्हणजे सेटवर काम नाही. चारू खुराना या कॅलिफोर्नियातल्या शाळेत मेकअप शिकून आल्या होत्या. त्यांना संघटनेनं सदस्यत्व नाकारलं आणि कार्डाशिवाय काम केलं म्हणून दंडही मागितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळीत यांच्या खंडपीठानं ही बंदी घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात पाच वर्षं राहत असल्याची अटही त्याच निकालात गेली. संघटनेचा बचाव होता की बायका आल्या तर पुरुषांची रोजीरोटी जाईल. म्हणजे या कामात बायका कमी पडतात असं त्यांचंही म्हणणं नव्हतं. भारतभर हजारो मुली पार्लरमध्ये आणि क्लासमध्ये मेकअप शिकत होत्या, त्या काळात या कलेचं सगळ्यात मोठं गुरुकुल त्यांना बंद होतं. लग्नाच्या मेकअपची आणि सिनेमाच्या मेकअपची शिकवण आपल्याकडे इतकी फटकून वाढली, त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

आता आजच्या वाटा पाहू. सरकारी वाट आयटीआयची. दहावी झालेल्या मुलीला 'बेसिक कॉस्मेटॉलॉजी' हा एक वर्षाचा ट्रेड घेता येतो. फी अगदी थोडी, आणि प्रमाणपत्राला देशभर किंमत. त्यात त्वचा, केस, हातापायांची निगा, फेशियल असं सगळं येतं आणि मेकअप हा त्यातला एक तुकडा असतो. त्यामुळे या वाटेनं मेकअप आर्टिस्ट तयार होत नाही, पण तयार होण्याचा पाया मात्र पक्का होतो. स्वच्छता, त्वचेची रचना, रसायनांची ओळख इथे सक्तीनं शिकावी लागते. खासगी क्लासात नेमकं हेच 'बोअर' म्हणून दोन तासांत उरकतात. ज्या घरात लाखभर रुपये फीसाठी काढणं म्हणजे कर्ज काढणं आहे, त्या घरातल्या मुलीनं आधी आयटीआयच बघावी असं माझं स्पष्ट मत आहे. दागिने गहाण टाकून मास्टरक्लास करू नये.

दुसरी वाट कौशल्य विकासाची. २०१५च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेनंतर सौंदर्य आणि आरोग्यनिगा क्षेत्रासाठीच्या कौशल्य परिषदेनं वेगवेगळ्या कामांचे मानक ठरवले. त्यात नवरीचा, फॅशनचा आणि छायाचित्रणाचा मेकअप करणाऱ्यांसाठी वेगळं मानक आहे. माध्यम आणि मनोरंजन क्षेत्राच्या परिषदेनं पडद्यासाठी काम करणाऱ्यांचं स्वतंत्र मानक केलं. कागदावर ही मानकं चांगली आहेत. नवखीला ती न वाचताच कोर्स विकला जातो, हा भाग वेगळा. वर्षानुवर्षं काम करत असलेल्या पार्लरवालीला पूर्वानुभवाच्या आधारे थोड्या प्रशिक्षणानंतर परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेता येतं. बँकेकडे कर्ज मागायला गेल्यावर त्याचा उपयोग होतो.

तिसरी वाट खासगी अकादम्यांची, आणि आज बहुतेक जण हिच्यानंच जातात. टाटा उद्योगसमूहातून १९५२ साली जन्मलेली 'लॅक्मे' पुढे हिंदुस्थान लिव्हरकडे गेली. आज तिच्या नावाच्या अकादम्या शहराशहरांत आहेत. इतर ब्रँडांच्याही आहेत, आणि इन्स्टाग्रामवर लाखांनी फॉलोअर असलेल्या कलाकारांच्याही आहेत. या वर्गात अप्रतिम शिकवणारे लोक आहेत, हे आधी सांगून टाकतो. पण ब्रँडच्या अकादमीत ब्रँडचा माल विकला जातो, हे विसरू नये. विद्यार्थी पहिल्याच महिन्यात महागड्या 'किट'मध्ये पैसे अडकवतो आणि त्यातल्या निम्म्या लिपस्टिका एकदाही न वापरता मुदतबाह्य होतात. प्रसिद्ध कलाकाराच्या नावावर चालणाऱ्या वर्गात तो कलाकार किती दिवस स्वतः उभा राहतो, हा प्रश्न विचारायला लोक लाजतात. पैसे आपले जात असताना लाजायचं काय कारण?

'इंटरनॅशनल' या शब्दाबद्दलही दोन शब्द. सिडेस्को ही १९४६ साली स्थापन झालेली संस्था, मुख्यालय झुरिकला. तिच्या ब्यूटी थेरपीच्या पदविकेसाठी मान्यताप्राप्त शाळेत १,२०० तास शिकावं लागतं. ब्रिटनमधल्या आयटेक आणि सिटी अँड गिल्ड्सच्या पात्रता परीक्षाही आपल्याकडे चालतात. जहाजावर किंवा आखाती देशांत काम करायचं असेल तर या कागदांना वजन आहे. आता १५ दिवसांच्या कोर्सचा हिशेब करा. रोज सहा तास धरले तरी ९० तास होतात. त्यातून प्रात्यक्षिक बघण्याचे वजा करा, प्रत्यक्ष हातात ब्रश असलेले उरतील ते कदाचित ३०. तरीही त्या प्रमाणपत्रावर पृथ्वीगोलाचं चित्र आणि 'इंटरनॅशनल' असतंच. कुठल्या संस्थेनं परीक्षा घेतली, ती संस्था वेबसाइटवर तुमचा क्रमांक दाखवते का, एवढं तपासलं की बरेच पृथ्वीगोल गळून पडतात.

शिकायचं नेमकं काय असतं? बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की रंग लावायचा. आतल्या माणसाला विचारलं तर तो रंगाच्या आधी त्वचा, त्वचेच्या आधी उजेड आणि उजेडाच्याही आधी घड्याळ सांगेल. महाराष्ट्रीय लग्नाचंच उदाहरण घेऊ. सकाळी नऊचा मुहूर्त असेल तर नवरी त्याआधी गौरीहराला बसते. म्हणजे मेकअप सातच्या आत संपला पाहिजे. म्हणजे पहाटे चारला खुर्ची लागते. खोलीत एक ट्यूबलाइट, पाच मावश्या, एकाच प्लगवर इस्त्री आणि मोबाइल. नवरी रात्री हळदीत रंगलेली असते. हळदीची पिवळी झाक कपाळावर आणि मानेवर उरलेली असते, आणि आठवड्यापूर्वी ट्रायलला जुळलेली फाउंडेशनची छटा त्या दिवशी जुळत नाही. वर्गात हे कोणी शिकवत नाही, कारण वर्गात कोणी हळद लावून येत नाही.

मग होमाचा धूर. डोळ्यांतून पाणी येणारच, लाजाहोमाच्या वेळी आणि पुन्हा पाठवणीच्या वेळी. मुंडावळ्या कानशिलावर घासतात. नथ नाकपुडीच्या कडेचा थर उचलते, म्हणून तिथे थर पातळच ठेवावा लागतो आणि नथ अगदी शेवटी चढवावी लागते. अंबाड्यावर गजरे आणि खोपा. पिवळ्या साडीतून शालूत जायला मध्ये मोजकी मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात डोळ्यांचा रंग गडद करायचा असतो. हे सगळं फोटोत नीट यायला हवं. फ्लॅशखाली काही पांढऱ्या फिनिशिंग पावडरी भुतासारख्या चमकतात. आरशात नवरी सुंदर आणि अल्बममध्ये पीठ फासलेली, असे अपघात दर मोसमात होतात. त्यावरचा उपाय साधा आहे. खुर्चीतून उठण्याआधी फ्लॅश लावून एक फोटो काढून बघायचा. पण ही सवय उस्तादानं लावावी लागते, नोट्समधून ती लागत नाही.

नाटकात हाच प्रश्न उलटा होतो. तिथे जवळून भडक दिसणारा चेहरा शेवटच्या रांगेतून बरोबर दिसतो. लाल प्रकाशात गालांवरची लाली विरघळून जाते, हिरव्या प्रकाशात तीच काळपट डाग होते. म्हणून प्रकाशयोजना ठरवणाऱ्याशी आधी बोलून घ्यावं लागतं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात रंगभूषा हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे, आणि आपल्या राज्य नाट्य स्पर्धेत रंगभूषेला स्वतंत्र पारितोषिक मिळतं. माझ्या मते मराठी मुलांसाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कडक शाळा हीच आहे. एका स्पर्धेच्या मोसमात म्हातारा, भिकारी, राक्षस, पेशवा, सगळे हातून जातात. पैसे मिळत नाहीत, हे खरं. उलट स्पिरिट गम आपल्या पदरचा जातो. तरी फी भरून शिकण्याऐवजी वर्षभर दोन हौशी संस्थांची रंगभूषा केलेला मुलगा अकादमीतून बाहेर पडलेल्यापेक्षा अनेक बाबतींत पुढे असतो. बोलायला लागतो, धावपळीत डोकं शांत ठेवायला शिकतो, आणि दहा मिनिटांत तीन चेहरे उरकायची सवय लागते.

गोऱ्या रंगाच्या हव्यासाबद्दल लिहिल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही. 'दोन शेड उजळ करा' ही मागणी आजही खुर्चीतून येते, आणि नवरीपेक्षा तिच्या सासरकडून जास्त येते. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'नं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केलं. खुर्चीतलं नाव अजून बदललेलं नाही. सावळ्या चेहऱ्यावर फिकट फाउंडेशन चढवलं की तो उजळत नाही, राखाडी होतो. डोळ्यांखालची निळसर काळी छटा आधी नारिंगी करेक्टरनं मारली पाहिजे, ओठांभोवतीचा काळेपणा सांभाळला पाहिजे, त्वचेची झाक पिवळी आहे की तांबूस की हिरवट हे मानेशी ताडून ठरवलं पाहिजे. सावळी त्वचा तिच्या खऱ्या रंगात उठावदार करणं हे गोरी त्वचा रंगवण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि महाराष्ट्रात काम करणाऱ्याच्या खुर्चीत बहुतेक वेळा तीच असते. तरी किती क्लासांच्या जाहिरातीत सावळी मॉडेल दिसते, हे वाचकांनीच रस्त्यानं जाताना पाहावं. मॉडेलच गोरी निवडली की शिकवणाऱ्याचं निम्मं अपयश झाकतं.

स्वच्छतेचंही असंच. एकच मस्काराची कांडी दहा डोळ्यांत फिरवली की डोळे येण्याची साथ पसरवायला तेवढं पुरतं. लिपस्टिक थेट ओठांवर न फिरवता स्पॅच्युलानं पॅलेटवर काढायची, ब्रश अल्कोहोलनं पुसायचे, कानामागे आदल्या दिवशी थोडा माल लावून त्वचेला सोसतो का बघायचं, एवढ्याच गोष्टी. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२०नुसार मालावर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत असावी लागते. आयात मालाला नोंदणी क्रमांक लागतो. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या 'फर्स्ट कॉपी' पॅलेटवर यातलं काहीच नसतं आणि नवी मुलगी पैसे वाचवायला नेमकं तेच घेते. कोणाच्या तरी लग्नाच्या सकाळी पापण्या सुजल्या की त्या वाचलेल्या पैशांची भरपाई होत नाही.

या व्यवसायाचं एक टोक थेट शिल्पकलेला भिडतं. ते म्हणजे प्रोस्थेटिक. चेहऱ्याचा साचा घ्यायचा, त्यावर मातीत नवं नाक, नवे गाल घडवायचे, पुन्हा साचा काढून सिलिकॉन किंवा फोम लेटेक्स ओतायचं, कडा त्वचेत विरतील अशा चिकटवायच्या आणि मग थरांवर थर देत रंगवायचं. बराच काळ आपल्या निर्मात्यांना यासाठी परदेशाकडे बघावं लागे. १९९६च्या 'इंडियन'साठी कमल हासन यांनी हॉलिवूडच्या मायकल वेस्टमोरला आणलं. 'पा'मधल्या अमिताभ बच्चनच्या रूपासाठी क्रिस्टियन टिन्सली आणि डॉमिनी टिल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रंगभूषेचा हा राष्ट्रीय पुरस्कारच मुळी २००६च्या चित्रपटांपासून सुरू झाला, पहिला मान 'ट्रॅफिक सिग्नल'साठी अनिल पालांडे यांना. इतकी वर्षं या कामाला पुरस्काराच्या यादीत जागाच नव्हती. मग विक्रम गायकवाड आले. 'मोनेर मानुष', 'बालगंधर्व', 'द डर्टी पिक्चर', 'जातीश्वर' अशा चित्रपटांसाठी त्यांनी हा पुरस्कार पुन्हा पुन्हा घेतला. 'बालगंधर्व'मध्ये सुबोध भावे यांच्या चेहऱ्यावर बायकी लाघव आणि पुढे उतारवयाची ओढग्रस्त काया, दोन्ही त्यांनी आणली. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्यानंतरची फळी तयार आहे, पण ती शाळांतून आलेली कमी आणि वर्कशॉपमध्ये राबून आलेली जास्त. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात शाडूचं नाक-डोळे घडवणाऱ्या पोराला हे काम किती लवकर जमेल, याचा विचार कुठल्याच कौशल्य योजनेनं केलेला मला दिसला नाही.

पैशांबद्दल क्लासमध्ये भरपूर बोललं जातं, पण सगळं एकाच बाजूनं. एका नवरीचे इतके, महिन्याला इतक्या नवऱ्या, करा गुणाकार. चातुर्मासात लग्नं जवळजवळ थांबतात, पौषात कमी होतात, हे त्या गुणाकारात नसतं. ट्रायलला येऊन पुढे न येणाऱ्या नवऱ्या नसतात. बहिणीचा आणि मावशीचा 'हलकासा टचअप' फुकट करून द्यावा लागतो, तेही नसतं. मालिकांत काम मिळालं तर बाराबारा तासांची शिफ्ट आणि पेमेंट नव्वद दिवसांनी, ही रीत आधी माहीत असलेली बरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यसेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर तोही लागत नाही. क्लासच्या फीवर मात्र सहसा १८ टक्के चालूच आहे. शिकायला जास्त कर आणि नटायला कमी, अशी ही आपली करव्यवस्था.

यूट्यूबबद्दल नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. आयलायनरच्या शंभर पद्धती तिथे फुकट आणि कित्येक शिक्षकांपेक्षा स्वच्छ दाखवल्या आहेत. हॉलिवूडचा रिक बेकर, ज्याला १९८१च्या चित्रपटांसाठी मेकअपचं पहिलं नियमित ऑस्कर मिळालं, तो पोरवयात घरीच रबर आणि रंगांशी खेळत शिकला. पण त्यानंही पुढे डिक स्मिथ या बुजुर्गाच्या हाताखाली काम केलंच. व्हिडिओ तुमची चूक बघू शकत नाही, एवढीच त्याची मर्यादा. शिवाय तिथल्या चेहऱ्यावर फिल्टर किती आणि मेकअप किती, हे ओळखायला शिकलेली नजरच लागते.

म्हणजे प्रश्न फिरून उमेदवारीवरच येतो. ती आता कायद्यानं देता येते. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१चा आहे, त्याला धरून २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि चार माणसं असलेलं छोटं सलूनही घेऊ शकतं. विद्यावेतनाचा काही वाटा केंद्र उचलतं. तरी आपल्या गावातल्या किती ब्यूटी सलूननी असा उमेदवार नोंदवला आहे? बहुतेक ठिकाणी शिकाऊ मुलगी फुकट राबते, झाडते, टॉवेल धुते आणि वर 'शिकवतोय ना' म्हणून तिच्याकडूनच फी घेतली जाते. सलूनमालकांच्या संघटनांनी ठरवलं तर हे एका वर्षात बदलू शकतं. आणि आयटीआयच्या वर्षाला जोडून सहा महिने नाटकाच्या संस्थेत, दूरचित्रवाहिनीच्या मेकअप रूममध्ये किंवा लग्नाचं काम करणाऱ्या अनुभवी कलाकाराकडे उमेदवारी असा जोडकोर्स राज्य सरकारनं करायला हरकत नाही. इमारत नको, यंत्रं नकोत, फक्त विद्यावेतन आणि हजेरीचं पुस्तक लागेल.

तोपर्यंत ज्यांना आत्ताच शिकायचं आहे त्यांनी आधी कुठल्या कामात जायचं ते ठरवावं. लग्नाचं काम, पडदा, नाटक आणि प्रोस्थेटिक या चार वाटांचे वर्ग वेगळे, माल वेगळा, आयुष्याचं वेळापत्रकही वेगळं. मग क्लास निवडताना भिंतीवरचे फोटो बघू नका. कोर्स संपेपर्यंत माझ्या हातून किती चेहरे होतील, त्यांत पन्नाशीच्या पुढचे किती, सावळे किती, पुरुष किती, आणि प्रत्येक वेळी माझ्या शेजारी कोण उभं असेल, हे विचारा. उत्तर लेखी मागा. फी हप्त्यानं भरा आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. किट पहिल्या महिन्यात घेऊ नका. आणि पैसे देण्याआधी चालू वर्गात एक दिवस मागे बसून बघायची परवानगी मागा. बसू दिलं नाही, तर दुसरा क्लास शोधा.